बोट हरवली

पौष लागला की मला एका जागी बसवत नाही. एरवीही मी मांडी ठोकून बसणाऱ्यांतली नव्हे, पण पौषात जरा जास्तच होतं. दादरच्या बाजारात ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागतात, उसाचे करवे, बोरं, गाजरं, मातीची सुगडं मांडून बायका फुटपाथवर बसतात, आणि मी पिशवी घेऊन घरातून निघते ती काही न घेताच परत येते. पुन्हा निघते. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "तुझ्या पायाला जी भिंगरी बांधलीय ना, ती एवढे दिवस सोडून ठेव. रथसप्तमी झाली की परत बांध." हे गेले, भिंगरी राहिली.

परवा माझी नात आली होती, सई. तिला भुताचे सिनेमे आवडतात. पाय वर घेऊन, उशी पोटाशी धरून बघते आणि किंचाळायचं असेल तेव्हा उशीत किंचाळते. परवाच्या सिनेमात पाणबुडी होती. "आजी, बस ना. मस्त आहे. लढाईतली पाणबुडी आणि आत भूत."

मी म्हटलं, "भूत आत असतं की बाहेर?"

"आतच असणार ना. बाहेर तर पाणी आहे."

मी उठून दूध बघायला गेले. दूध तापवलेलंच नव्हतं. मग गॅलरीत गेले, दोरीवरचे कपडे काढले, ते ओले होते म्हणून परत वाळत घातले. असले सिनेमे अजून काढतात याचं मला नवल वाटत होतं. मी एक पाहिला होता. अर्धाच पाहिला होता, पण तो अर्धा आमच्या घराला पुरला.

आम्ही तेव्हा ठाकूरद्वारला एका वाडीत राहायचो. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी रेडिओवर आली आणि शहराचं डोकं फिरलं. संक्रांत नुकतीच झालेली. घरोघर हळदीकुंकू, हलव्याचे दागिने, वाणाच्या वाट्या, गुलाबदाणी, आणि वाडीच्या तोंडाशी रस्त्यात दगड, सोडावॉटरच्या बाटल्यांच्या काचा, पोलिसांच्या गाड्या. त्या वर्षी तिळगुळाची आणि अश्रुधुराची गाठ पडली. दुपारी बायका नटून निघायच्या, तेवढ्यात नाक्यावरून कुणीतरी ओरडायचं, "आले रे आले!" की जरीचे काठ सावरत सगळ्या मिळेल त्या दारात. ज्या घरात शिरतील तिथंच हळदीकुंकू उरकायचं. माझ्या आईला एकदा एका गुजराती किराणावाल्याच्या बायकोनं असंच आत ओढून घेतलं. त्या दोघींनी एकमेकींना कुंकू लावलं, आणि बाहेर शांत होईपर्यंत तांदूळ निवडत बसल्या.

दारामागे बादलीत फडकी भिजत घातलेली असायची. धुराचं नळकांडं पडलं की ती डोळ्यांवर धरायची आणि खिडक्या लावून घ्यायच्या. मग सगळी वाडी झाकण घट्ट बसलेल्या डब्यासारखी. आत माणसं, आत श्वास, आत दुपारच्या फोडणीचा वास. बाहेर काय चाललंय ते नुसतं कानानं ओळखायचं. हे बूट. ही लाठी. ही शटरं ओढतायत. मग एखादा कोरडा, छोटा आवाज यायचा, आणि तो कसला आहे हे कुणीच कुणाला सांगायचं नाही.

मी मॅट्रिकला होते. शाळा बंद. मार्चात परीक्षा होणार की नाही, कुणाला ठाऊक नाही. मी पुस्तक हातात धरून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायची. आई म्हणायची, "लाद्या झिजवशील कार्टे, घरमालक आम्हाला बोलेल."

आणि काकू दारात बसून माझ्याकडे बघत असायची. ती एकटीच मला "बस" म्हणायची नाही.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, थोरल्या भावाची बायको. काका मालवाहू बोटीवर वायरलेसचं काम करायचे. लढाई पेटलेली असताना त्यांची बोट निघाली ती कुठल्याच बंदराला लागली नाही. मी तेव्हा अगदी लहान. मला आठवतं ते एवढंच: बोटकंपनीतला एक गोरा साहेब हॅट हातात घेऊन आमच्या दारात उभा आहे, आजोबा कोट न चढवताच त्याच्यासमोर गेलेत, जे ते कधी करत नसत, आणि काकू आतल्या दाराच्या फटीतून बघतेय. साहेब म्हणाला, "शी इज लॉस्ट." हे शब्द काकूनं पुढे इतक्यांदा म्हणून दाखवले की मलाही पाठ झाले. इंग्रजीत बोट बाईमाणूस असते. काकूला ते कुठून ठाऊक असणार? ती मराठी सातवी झालेली, पण 'शी' म्हणजे ती, एवढं तिला येत होतं. "मला वाटलं गं, तो माझ्याबद्दलच बोलतोय," ती सांगायची. "म्हटलं, मी तर ही इथे उभी आहे. मला काय झालं?"

साहेब जिना उतरून गेला. आजोबांनी घराकडे पाठ करून बराच वेळ खिडकीचा गज धरून ठेवला. मग वळून म्हणाले, "बोट हरवलीय."

बुडाली नाही म्हणाले, फुटली नाही म्हणाले. हरवली म्हणाले.

आणि हरवलेल्या वस्तूचं काय करायचं हे आमच्यात ठरलेलं असतं. किल्ली हरवो, कुडी हरवो, दावणीची गाय हरवो, कार्तवीर्याचा जप करायचा. काकूनं तो त्याच दिवशी दिवेलागणीला सुरू केला. देवापुढे निरांजन लावून, डोळे मिटून, बोट सापडावी म्हणून. रोज. ताप असला तरी अंथरुणात उठून बसून. हळूहळू वाडीत हे सगळ्यांना माहीत झालं, आणि ज्याचं जे हरवेल तो काकूकडे यायला लागला. "काकू, आमच्या हिची नथ सापडत नाही, तेवढी तुमच्या बोटीबरोबर घ्या." नथ सापडायची. चष्मे सापडायचे. एका शेजाऱ्यांची कवळी त्यांच्याच पलंगाखाली सापडली, तेव्हा त्यांनी काकूला पेढे आणून दिले. काकू गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "लहान वस्तू लवकर सापडतात. मोठीला वेळ लागतो." आम्ही हसायचो. तीही हसायची, पण तिला ते खरं वाटत होतं.

हे लिहिताना मी दोनदा उठले. एकदा उगाच, एकदा खिडकी लावायला.

त्या वर्षी साहेब येऊन गेल्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याची काही खबर नाही त्याचा दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात, आणि तिथून पुढे वर्षाचं श्राद्ध. आजोबा थकले होते. थोरल्या मुलाचं आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, नाहीतर त्याचं कायमचं तसंच राहील, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. आपल्या तोंडानं मात्र ते सुनेला काही सांगत नव्हते. शेवटी एकदा जेवताना अप्पांनी विषय काढला.

"वहिनी, बाबांचं म्हणणं आहे की यंदा..."

"काय यंदा?"

"म्हणजे, विधी..."

काकूचा वाढता हात थांबला. "भावोजी, हरवलेल्या माणसाला कुणी जाळतं का? उद्या दारात येऊन उभे राहिले तर काय सांगू? तुम्हाला जाळून मोकळे झालो, आता हातपाय धुऊन पानावर बसा?"

आजोबा ताटातली आमटी चमच्यानं ढवळत राहिले. त्यांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं, पण तो शब्द आमच्या घरात नव्हताच. मीठ, हळद, जिरं असतं तसा तो घरात असायला हवा होता, आणि नव्हता.

वाडीतल्या बायकांचीही पंचाईत होती. काकूला हळदीकुंकवाला बोलवायचं तर मनात शंका, न बोलवावं तर काकू सगळ्यांच्या मायेची. काही जणी निरोप धाडायच्या, काही जणी विसरल्याचं सोंग करायच्या. काकू ठसठशीत कुंकू लावून दोन्हींकडेही जायची. मी तिच्याबरोबर जायची आणि माझा जीव टांगणीला लागायचा, की आज कुणीतरी हळूच करंडा मागे घेईल आणि ते मला बघावं लागेल. एकदा विधी झाला की ते कुंकू जाणारच होतं. त्या दिवसांत मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की मला कपाळच दिसायचं. माझी काकूवर फार माया होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही, तेव्हा तशी पद्धतच नव्हती.

नाक्यावरच्या भिंतीवर घोषणा रंगवलेल्या होत्या. त्या अक्षरांवरच कुणीतरी इंग्रजी सिनेमाचं पोस्टर चिकटवलं. काळं पाणी, त्यात एक लांबट लोखंडी धूड, वर एक बोट तिरकी झालेली, आणि त्या लोखंडाला बाहेरून टेकलेला पांढरा हात. आम्ही भाजी घेऊन येत होतो. काकू उभी राहिली.

"हा मासा आहे का गं?"

"नाही काकू, पाणबुडी आहे. लढाईतली."

"आणि हात कुणाचा?"

"भुताचा असेल. भुताचा सिनेमा आहे."

ती हलेना. भाजीच्या पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर लोंबत होता. "ह्यांच्या बोटीमागे असायची म्हणतात, ती हीच का?"

"तसलीच."

"मला बघायचीय."

"अहो, पण इंग्रजी आहे."

"तू आहेस ना? मग मॅट्रिकला कशाला बसतेयस?"

घरात सांगितलं की धोबीतलावला माहेरच्या नात्यात हळदीकुंकू आहे. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, असं काकूचं मत. त्यामुळे हिरवी जरीकाठाची नऊवारी, नाकात नथ, केसांत अबोलीचा वळेसर आणि हातात तिळगुळाचा डबा, अशा थाटात ती भुताच्या सिनेमाला आली. दुपारचा खेळ. बाहेर तणाव, त्यामुळे थेटरात माणसं विरळ, आणि जी होती ती सारखी मागे दाराकडे बघत होती. शेजारच्या खुर्चीत एक पारशी म्हातारबुवा. दिवे मालवण्याआधी काकूनं डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी लाडू घेतला, "थँक यू, बाई" म्हणाले, आणि मग अर्धा सिनेमा तो फोडत बसले. पडद्यावर कुणी श्वास रोखून धरला की अंधारात कटकट असा आवाज यायचा.

मी काकूच्या कानाशी लागून भाषांतर करत होते. सुरुवातीलाच पाणबुडीचा कप्तान शिडीनं आत उतरताना कुणाला तरी म्हणाला की आत चाळीस 'सोल्स' आहेत. सोल म्हणजे आत्मा, हे आम्हाला प्रार्थनेच्या कवितेत होतं. मी म्हटलं, "काकू, आत चाळीस आत्मे आहेत."

"म्हणजे सगळे मेलेलेच?"

"असंच दिसतंय."

जहाजावरच्या जित्याजागत्या माणसांना इंग्रजीत सोल्स म्हणतात, हे मला फार पुढे, इंग्रजीचीच मास्तरीण झाल्यावर कळलं. पण त्या दुपारी झालं ते झालं. सगळ्या थेटरात एकच सिनेमा चालू होता आणि आम्हा दोघींना दुसराच दिसत होता. पाणबुडीतली माणसं अरुंद बिछान्यात झोपत होती, पत्ते खेळत होती, डब्यातलं मांस खात होती. काकू म्हणाली, "मेल्यावरसुद्धा जेवण सुटत नाही बघ." मग त्या माणसांनी एक बोट बुडवली. बोटीवरचे लोक पाण्यात उड्या टाकून हात हलवायला लागले, आणि कप्तानानं त्यांना वर न घेता पाणबुडी खाली नेली. दिवे मंद झाले. पाणी गळायला लागलं. आणि लोखंडावर बाहेरून कुणीतरी ठोठावलं.

खोल समुद्रात, जिथं कुणी असणं शक्य नाही तिथून, हळू, एकेक ठोका. थेटरातली माणसं दचकली. काकू मात्र पुढे सरकून बसली. तिच्या हिशेबी मेलेले आत होते. बाहेर होते ते जिवंत.

"उघडा की रे," ती चांगली मोठ्यानं म्हणाली. "मेल्यांनो, उघडा! बाहेर माणसं आहेत!"

पारशीबुवांनी वळून पाहिलं. लाडू फोडणं थांबलं. मी काकूचा पदर ओढला, पण तिचं लक्ष नव्हतं. पडद्यावरचे ते पांढरेफटक चेहरे छताकडे बघत होते आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

पुढे कप्तानाला वेड लागत जातं. तो पाणबुडीच्या दुर्बिणीला डोळा लावून वर बघतो, तर तीच बोट पुन्हा पाण्यावर, पुन्हा बुडतेय. दर खेपेला आणखी जवळून. शेवटी इतक्या जवळून की अख्ख्या पडद्यावर तीच. बोटीचा मागचा भाग वर उठलेला, खिडक्यांतले दिवे ओळीनं विझत गेलेले, उतरत्या डेकवरून माणसं घसरतायत. मग पाणी दोन्हीकडून आलं, मिळालं आणि सपाट झालं. कप्तानानं दुर्बिणीवरून तोंड बाजूला केलं आणि म्हणाला, "शी इज लॉस्ट."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. काकूनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हे येतं मला," ती म्हणाली.

पडद्यावर पाण्याखेरीज काही नव्हतं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही, मला धीर झाला नाही. थोड्या वेळानं अचानक दिवे लागले आणि मॅनेजर पडद्यापुढे येऊन आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत म्हणाला, की बाहेर गडबड आहे, खेळ बंद, कृपा करून घरी जा. चित्र पडद्यावर तसंच फिकट होत होत थांबलं. त्या पाणबुडीचं पुढे काय झालं, ते दार कुणी उघडलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. सईनं परवा शोधून देते म्हटलं. मी नको म्हटलं.

बाहेर पडलो तर मोठा रस्ता रिकामा. चपला मात्र खूप, एकेकट्या. आम्ही चिराबाजारच्या अंगानं गल्ल्यागल्ल्यांतून निघालो. एक दार उघडं म्हणून नव्हतं. कुठंतरी पलीकडे घोषणा उठायच्या, मध्येच तुटायच्या, पुन्हा दुसरीकडून उठायच्या. काकू नऊवारीत इतक्या झपाझप चालू शकते हे मला माहीत नव्हतं, मला तिच्यामागे पळावं लागत होतं. धूर आमच्यापर्यंत आला तो बराच पुढे गेल्यावर. ती त्याआधीपासून रडत होती.

मागच्या आठवड्यात मी टॅक्सी करून तिकडे जाऊन आले. कशाला, ते विचारू नका. वाडीच्या जागी उंच इमारत झालीय. नाक्यावरची भिंतही नाही. वॉचमननं विचारलं, "किसके यहाँ जाना है?" मी टॅक्सी तशीच वळवायला सांगितली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. आजोबा खिडकीशी टेबल घेऊन बसले होते. वाडीच्या समितीनं मराठीत निवेदन लिहिलं होतं, त्याचं ते इंग्रजी करत होते. सॉलिसिटरच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस. गोरे साहेब आपले मसुदे त्यांच्या नजरेखालून घालून मगच पुढे धाडायचे, असं अप्पा अभिमानानं सांगायचे. काकू सासऱ्यांशी कधी समोरासमोर बोलत नसे. दाराआडून बोलायची, नाहीतर आमच्यापैकी कुणाला तरी मध्ये घालून. त्या दिवशी ती सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली. नाकात नथ तशीच, हातात डबा तसाच.

"मामंजी, लॉस्ट म्हणजे बुडाली ना?"

आजोबांनी पेन खाली ठेवलं. टोपण लावलं. अप्पा दारात होते, ते पुढे येऊ लागले, पण आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याचं इंग्रजी कळलं होतं गं, मुली." त्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. "मराठी काही केल्या तोंडातून बाहेर येईना."

बाहेर माणसं मराठीसाठी छातीवर गोळ्या झेलत होती, आणि आमच्या घरात मराठीतला एक शब्द बारा वर्षं एका म्हाताऱ्याच्या घशात अडकला होता. मला आजोबांचा भयंकर राग आला. मग त्यांच्याकडे बघून तो गेला. रात्री काकूच्या अंथरुणाकडे बघून परत आला. तो अजून तसाच येतो-जातो, एका जागी राहत नाही. पुढे चाळीस वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवलं. 'लॉस्ट' शब्द आला की पोरं म्हणायची, "हरवलेला", आणि मी बरोबरची खूण करायची, कारण ते बरोबरच आहे. आजोबा चुकले, असं मला कुठल्याही शब्दकोशातून सिद्ध करता येणार नाही. त्यांनी तिला बारा वर्षं दिली की तिची बारा वर्षं घेतली, हेही मला ठरवता आलेलं नाही. ती त्या वर्षांत किती हसायची हे मी पाहिलंय. आणि दिवेलागणीला डोळे मिटलेला तिचा चेहराही पाहिलाय.

त्या संध्याकाळी काकूनं देवापुढे निरांजन लावलं. आम्ही सगळे आपापल्या जागी कान देऊन होतो. जपाचा आवाज आला नाही. ती नुसती बसली होती, मग उठली आणि पानं घ्यायला लागली.

दुसरा दिवस संचारबंदीत गेला. खिडक्या बंद, खाली रस्त्यावर बूट. कुणीतरी निरोप दिला की पलीकडच्या वाडीतला एक मुलगा गेला. आई तोंडात पदर कोंबून रडली. आजोबांनी निवेदनाचं इंग्रजी पुरं केलं नाही. मी गॅलरीत जाता येत नव्हतं म्हणून खोलीतल्या खोलीत फिरत होते, पलंगापासून मोरीपर्यंत आणि परत, आणि माझं मलाच असह्य झालं होतं. काकू स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. निवडता निवडता तिनं अप्पांना हाक मारली.

"भावोजी, भटजींना बोलवा."

अप्पा गोंधळले. "वहिनी, घाई नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा. नाहीच म्हणालात तरी..."

"बोलवा," काकू म्हणाली. "किती वर्षं बाहेर ताटकळत ठेवायचं त्यांना?"

पुढल्या सकाळी संचारबंदी थोडा वेळ उठली. दुधासाठी, भाजीसाठी माणसं धावत सुटली, आणि त्या धावपळीतच शेजारच्या वाडीतले भटजी पंचांग काखेत मारून धापा टाकत आमच्याकडे आले. विधीसाठी बाणगंगेला कधी जाता येईल ते सांगता येत नव्हतं, पण निदान ठरवून तरी ठेवू, म्हणाले. आजोबा आरामखुर्चीत बसले. अप्पा पाटावर. काकू आज दाराआड गेली नाही, अप्पांच्या जरा मागे जमिनीवर बसली. कपाळावर कुंकू होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि त्या सबंध वेळात मी जागची हलले नाही.

भटजींनी काकांचं नाव विचारलं, गोत्र विचारलं. मग म्हणाले, "तिथी कुठली धरायची?"

अप्पांनी मागे वळून काकूकडे बघितलं.

"नाही, म्हणजे गेल्याची तिथी ठाऊक नसेल, तर ज्या दिवशी बातमी कानावर आली तो दिवस धरतात," भटजी समजावणीच्या सुरात म्हणाले. "दरवर्षीचं श्राद्ध मग त्याच तिथीला करायचं."

आजोबांनी डोळे मिटले. "कंपनीचा साहेब आला तो दिवस," ते म्हणाले. "मार्गशीर्ष होता. वद्य..."

"त्या दिवशी तुम्हाला कळलं, मामंजी," काकू म्हणाली. "मला परवा कळलं."

भटजींनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली, आणि भटजींनी परवाची तिथी लिहून घेतली.